खाऱ्या कडेचं गवत

प्रिय रशिदी,

तुझं पत्र शेजारच्या मुनावरने आणून दिलं. इतक्या दिवसांनी चार ओळी, आणि त्याही सगळ्या गायींबद्दल! तुझी मोठी बहीण, तुझी एम्बूक जिवंत आहे का, एवढं विचारायलाही जागा उरली नाही, लबाडा? ईदला मलेशिया कायमचं सोडून येतोस, साठवलेल्या पैशांत गायी घेतोस, रानाच्या कडेला गोठा बांधतोस. वाचून आधी हसले, मग चुलीपुढे बसून रडले.

तुझ्या डोळ्यांपुढे अजून तेच रान असणार. अंगणातून निघालं की किनाऱ्याची खारफुटी, मग गेबांग ताडांची रांग, आणि ती ओलांडली की एकदम डोंगराच्या पायथ्यापर्यंत गवतच गवत. मधेच एखादी बोर, एखादा हिवर. तू त्या गवतात लपायचास आणि मी तुला शोधताना मोरांना शिव्या घालायचे.

खारफुटी अजून आहे. ताडही आहेत, आईच्या चटया त्यांच्याच पात्यांच्या. पण त्यांच्यापलीकडे नुसती बाभूळ आहे, रे. डोंगरसुद्धा दिसत नाही. वणवा अडावा म्हणून कुणी ती परमुलखातून आणून लावली, ते राहू दे, पसरवली आपणच. ते कोरडं वर्ष आठव. गवत संपलं तेव्हा एप्पांनी गायी बाभळीखाली नेल्या आणि शेंगा खाऊन त्या कशा तुकतुकीत झाल्या! एप्पा, आपले वडीलच ते, वस्तीभर मिरवले. "फुकटचा चारा पडलाय आणि तुम्ही बसा आभाळाकडे बघत!" मग सगळ्यांनीच गायी नेल्या. संध्याकाळी त्याच गायी गवतातून घरी यायच्या आणि वाटभर शेण टाकायच्या. पावसाळ्यात जिथे जिथे शेण पडलं होतं, तिथे तिथे बाभळीचं रोप उभं होतं. तेव्हा आपल्याला त्याचंही कौतुक वाटलं.

तू गेल्यावर एप्पांनी कोयता घेतला. रोज तोडायचे. एक खोड तोडलं की बुंध्यातून चार फांद्या फुटायच्या. लोक त्यांना हसायचे, "सहावीकाका, बाभळीची हजामत करताय का?" रान राखणाऱ्या राष्ट्रीय उद्यानवाल्यांनी यंत्रं आणली, तीही थकून गेली. एप्पा थकले नाहीत. एका डोळ्यात मोतीबिंदू होताच, दुसऱ्यात काटा गेला. हे तुला कळवायचं नाही अशी त्यांनी शपथ घातली होती, म्हणून इतके दिवस गप्प होते.

आंधळे झाल्यावर ते रोज एकच विचारायचे, "मिस्नाती, रान मोकळं झालं का गं?" एके दिवशी मी हो म्हणाले. दुसरं काय बोलणार होते? तर म्हणतात, "तुझ्या जिभेवर माझा भरवसा नाही. गवत आणून दाखव." खारफुटी आणि बाभळीच्या मधे एक पट्टा उरला होता. भरतीचं खारं पाणी चढतं म्हणून तिथे बाभूळ धरत नाही. तिथलं गवत कापून आणलं. त्यांनी पेंढी मांडीवर घेतली, हुंगली, एक काडी चावली. "जरा खारट लागतंय, पण आपलंच आहे." त्या दिवशी ते पोटभर जेवले. मग रोज आणणं आलं. पट्टा तो केवढा, आपल्या अंगणाएवढा. बी धरायच्या आत मी कापत राहिले. काल शेवटची पेंढी आणली. आता तिथे नुसता पांढरा चिखल आहे, आणि उद्या त्यांच्या मांडीवर काय ठेवायचं मला माहीत नाही.

हे पत्र एप्पांनीच लिहायला बसवलंय. ते माझ्या शेजारी ती पेंढी कुरवाळत बसलेत. "लिही, रान मोकळं झालंय, पोरा, गायी घेऊन ये. आणि लिहून झालं की मला वाचून दाखव." मी त्यांना त्यांचंच वाक्य वाचून दाखवीन. तू मात्र येऊ नकोस, रशिदी. ईदलाही नको, मी मेले असं कुणी सांगितलं तरी नको. आलास तर ते तुझा हात धरून तुला रान दाखवायला निघतील.

तुझीच एम्बूक,
मिस्नाती