हळद लागलेल्या घराचा ताबा

५ मार्च, गुरुवार
परत आले — ताबा न घेता!

सिडकोतलं लहानू शेवाळेंचं घर. अंबडचं वर्कशॉप बुडालं, कर्ज थकलं, घर आमच्या बँकेकडे तारण. आदेश, पोलीस, पंच, कुलूप, सील करायची लाख — सगळी वरात घेऊन गेले, तर दारात मांडव! आत त्यांची मुलगी अंजली, अंगभर हळद.

शेवाळेंची आई, चतुराबाई, उंबऱ्यातच बसली. "पोरले हळद लागेल शे, ताई. आते लगीन लागेपर्यंत उंबरा वलांडाना नही."

पोलीस माझ्याकडे बघायला लागले. मी काय त्या पोरीला हळदीच्या अंगानं रस्त्यावर काढू? शेवाळे हात जोडून म्हणाले, "शनिवारी लग्न. सोमवारी अकराला किल्ली तुमच्या टेबलावर. शब्द देतो."

आणि मी हो म्हणाले. कागद नाही, सही नाही!

मॅनेजरसाहेब बरसले. "मार्चएंड तोंडावर, बंदोबस्तासाठी किती खेटे घातले, आणि तुम्ही शब्दावर परत येता? किल्ली आली नाही तर मेमो. प्रमोशन विसरा."

६ मार्च
शेजारच्या टेबलावरची प्रतिभा म्हणाली, "तुझा शेवाळे सकाळी वकिलाबरोबर दिसला. बस आता बोंबलत!"

अडलं की सगळेच हात जोडतात, हे मला इतक्या वर्षांत कळू नये?

७ मार्च
लग्नाला जाऊन आले. म्हणजे मांडवाच्या दारातून बघायला — लग्न तरी खरं आहे का! होतं. चतुराबाईंनी ओळखलं, हाताला धरून पंगतीत बसवलं. बुंदी तशीच पानात ठेवून उठले.

८ मार्च
झोप नाही. उद्या काय ते.

९ मार्च, सोमवार
अकरा वाजून गेले. साहेब केबिनच्या काचेतून माझ्याकडेच बघत होते. मनात शेवाळेंना शिव्या घालून झाल्या.

आणि आले! किल्ली टेबलावर ठेवली. "सामान काढलंय, घर झाडून घेतलंय. तुळस तेवढी अंगणात राहिली. पाणी घालायला सांगाल कुणाला?" चहा घेतला नाही. जाताना हसले, "वकील फार भडकलाय माझ्यावर."

का, ते मी विचारलं नाही. सुटले एकदाची! दुपारी घराला सील लावलं. साहेबांनी पेढे मागवले.

१० मार्च
बँकेच्या वकिलांचा फोन. ताब्याला कर्जवसुली न्यायाधिकरणाची स्थगिती आहे — शुक्रवारपासून! आदेश त्याच दिवशी शेवाळेंना मिळाला होता, आपल्याकडे आज पोचला. म्हणजे काल किल्ली ठेवताना तो त्यांच्या खिशातच होता.

साहेब म्हणतात, "स्वतःहून दिली ना? मग गप्प बसा."

रिक्षात लिहितेय, सिडकोच्या वाटेवर. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.