अख्खा पाव

अचेरेन्झा, १४ जुलै १९७८

प्रिय कानिओदादा,

रजा मिळत नाही, ही तुझी तार बाबांना पुरलं त्याच दिवशी पोचली होती. मी ती आईला वाचून दाखवली. तिने घडी घालून ती बाबांच्या फोटोमागे ठेवली. तेव्हाच तुला लिहायला हवं होतं, पण काही सुचत नव्हतं. आजही फारसं सुचत नाही. रडू येत नाही. नापोलीला प्राध्यापकांनी विचारलं ते सगळं मी नीट सांगितलं, त्यांनी उभं राहून हात मिळवले, आणि मी बसने घरी आले. आपल्या घरातली पहिली पदवीधर. वाटेत गव्हाची कापणी झालेली शेतं होती, एवढंच आठवतं.

बाबा गेल्यावर शेजारणींनी रीतीप्रमाणे जेवण पोचवलं. मग ते थांबलं आणि आईने चूल पेटवली, पण घरात पाव आणणं मात्र तिने बंद केलं. भट्टीवाला विचारतो तेव्हा ती म्हणते, ‘कापणार कोण?’ मी कापते म्हटलं, तर म्हणाली, ‘घराला मुलगा आहे.’ रागाने नाही, साधी माहिती द्यावी तसं. पावाशिवाय ती दोन घास गिळते आणि उठते. लग्नाची अंगठी बोटातून निसटते म्हणून तिने दोऱ्याने गुंडाळून घेतलीय.

तुला तो ईस्टर आठवत असेलच. बाबांना मेंढ्यांकडून यायला उशीर झाला होता, सूप निवत होतं, आणि तू पाव छातीशी धरून कापायला घेतलास. बाबा दारात उभे राहिले. ‘मी अजून मेलो नाहीये,’ एवढंच म्हणाले आणि न जेवता परत मेंढ्यांकडे गेले. दुसऱ्या दिवशी तू श्टुटगार्टची गाडी धरलीस. तुम्ही दोघं एकाच मातीचे. मी तुमच्या दोघांवरही चिडले होते, आणि घरातला पाव कर्त्या पुरुषानेच का कापायचा, यावरही. ते भांडण मी अजून सोडलेलं नाही. सप्टेंबरपासून मी इथल्या शाळेत शिकवणार आहे. संध्याकाळी बायकांना लिहाय-वाचायला शिकवायचा वर्गही काढायचाय, पाद्रीबाबा खोली द्यायला तयार आहेत. हे तुला खरं तर नाचत सांगायला हवं होतं.

बाबांनी थंडीतच, धडधाकट असताना, माझ्या निकालानंतरच्या रविवारसाठी असुंतामावशीच्या खानावळीत टेबल सांगून ठेवलं होतं. परक्या हातचं खायला घरात चूल विझलीय का, असं म्हणणारा माणूस तो. मी म्हटलं, आता नको. आई म्हणाली, ‘त्यांनी शब्द दिलाय.’ तिने काळा पोशाख झटकला, काळा रुमाल बांधला आणि आम्ही निघालो. चौकात दारांतल्या बायका गप्प झाल्या. फक्त कॉन्चेत्ता ऐकू जाईलसं म्हणाली, ‘नवरा मातीत, आणि ही चालली मेजवानीला.’ आई थांबली. ‘तुझा गेला की तुलाही नेईन,’ म्हणाली आणि चालू लागली. एरवी मी हसले असते.

टेबल चौघांचं मांडलेलं होतं. आम्ही दोघी. मावशी चुकली असं समजून मी जास्तीची ताटं उचलायला गेले, तर आईने हात धरला. खानावळीत पाव कापून टोपलीत येतो, तुला माहीतच आहे. मावशीने अख्खा गोल पाव आणला, चाकू आणला आणि दोन्ही एका रिकाम्या खुर्चीसमोर ठेवले. मग पास्ता आला, मेंढीच्या मटणाच्या रश्श्यातला. आम्ही खाल्ला. चव होती की नव्हती, सांगता येणार नाही. रस्सा ताटातच राहिला. मावशी ताटं न्यायला आली, पावाने न पुसलेली ती ताटं बघितली आणि तिचा चेहरा उतरला. आपल्याकडे त्याचा अर्थ एकच होतो. ‘मीठ कमी पडलं का, दोनाता?’ तिने मला विचारलं.

मी चाकू उचलला. मावशीने माझं मनगट धरलं.

‘तू नको, पोरी. तुझ्या बापाने, गेरार्दोने, बजावून ठेवलंय. म्हणाला, चौघांचं मांड, पाव कापू नकोस, कानिओसमोर ठेव. या वेळी त्याला कापू दे. मी म्हटलं, येणार आहे का तो? तर म्हणाला, बहीण पदवीधर झाली तरी येणार नाही? मग कधी येईल?’

मावशीने पदवीला वाटतात ते साखरेचे लाल बदाम आणले. आईने एक तोंडात ठेवला, पण चावला नाही, नुसता धरून बसली. मग तिने पाव रुमालात गुंडाळून काखेत घेतला आणि आम्ही कॉन्चेत्ताच्या दारावरूनच घरी आलो.

दादा, मी तुला दोष द्यायला लिहीत नाहीये. रजेचं खरं असेल, नसेल, मी विचारणार नाही. बाबांनी हे तुला स्वतः कधीच लिहिलं नसतं, आणि आई सांगणार नाही, म्हणून हे पत्र. पाव टेबलावर आहे, त्याच रुमालात. दगड झालाय, पण आपल्याकडचा पाव आहे, पाण्यात भिजवला की खाता येतो. येणार असशील तर ये. येणार नसशील तर तसं स्पष्ट लिही, म्हणजे मी तो आईसमोर छातीशी धरून कापेन. मला येतो कापता. तिने जेवायला हवं.

तुझ्या दोन ओळींची वाट बघणारी,
तुझीच
दोनाता