खिळ्याचा ओरखडा

मी, मा दोक-ग्यू, वय शहात्तर, राहणार चुनचॉन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोक्याने शाबूत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मुलगी यॉन-सिल हिचे असते, पण आज ती बाजारात गेली आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात लिहिले होते.

राहते घर व बंद पडलेल्या चहाघराचा गाळा यॉन-सिलला द्यावा. बँकेतली शिल्लकही तिचीच. कोणी वाटा मागायला आले तर तिने दार उघडू नये.

मेहुणे प्यो सांग-हून यांना माझे गाण्याचे यंत्र, माइकसह. माझ्या रेकॉर्डी सोलच्या दलालाला विकायचा त्यांचा बेत मला ठाऊक आहे. गाण्याची एवढीच हौस असेल तर स्वतः गावे, मात्र माझ्या श्राद्धाच्या दिवशी नाही.

आता रेकॉर्डींविषयी. गायिका सो ह्ये-रान आपली गाणी आपणच लिहायच्या. त्यांच्या चारही रेकॉर्डी माझ्याकडे आहेत. पहिलीत त्यांचा आवाज घाबरलेला आहे, चौथीत थकलेला. तिसरी लोकांना आवडते, मला नाही. दुसरी मात्र माझा जीव की प्राण. आमच्या चहाघरात गाऊन झाल्यावर त्यांनी तिच्यावर माझे नाव लिहून दिले होते.

ती रेकॉर्ड माझा मित्र बेक नाम-सुल याने रेडिओवर वाजवायला म्हणून नेली. तो तिथल्या रेकॉर्डखोलीत कामाला होता. पुढच्याच महिन्यात तिच्यातले "नदी मागे फिरली" हे गाणे तेव्हाच्या लष्करी सरकारने बंद केले. लोकांचे अवसान घालवते म्हणे! दुकानांतल्या प्रती जप्त होऊन नष्ट झाल्या. रेडिओवर बंद गाण्यावर खिळ्याने ओरखडा काढायची रीत होती आणि ते काम नाम-सुलचे. "मारला खिळा," एवढेच त्याने मला सांगितले. त्या दिवसापासून मी त्याचे तोंड पाहिले नाही. त्याच्या बायकोच्या अंत्यविधीलाही रिवाजाच्या पैशांचे पाकीट दुसऱ्याच्या हाती पाठवले.

यंदा रेडिओवाल्यांनी जागा बदलताना जुना माल मोडीत काढला. यॉन-सिलला बाजारात एका रेकॉर्डवर माझे नाव दिसले.

"बाबा, ओरखडा आहे हो. लावू नका, उगाच त्रास होईल."

मी लावली. माझे गाणे त्या बाजूला शेवटून दुसरे. खरखर आता येईल, मग येईल, म्हणून खुर्ची धरून बसलो. नदी अखंड मागे फिरली. पुढे सक्तीचे सरकारी कूचगीत लागले, आणि तिथे सुई खट् खट् उडू लागली.

तेव्हाच्या प्रत्येक रेकॉर्डच्या शेवटी असे एक गीत घालावेच लागे, आणि ते लागायच्या आत सुई उचलायची सवय साऱ्या देशाला होती. म्हणून नाम-सुलची लबाडी कोणाच्या कानी आली नाही. तपासनिसाला ओरखडा दिसला, त्याचे समाधान झाले.

मी फोन केला. "नाम-सुल, खिळा चुकला होता का रे?"

"माझा हात कधी चुकत नाही. डोकं तुझं चुकलं."

"मग बोलला का नाहीस, लेका?"

"नोकरी होती तोवर भीती होती. पुढे राग आला. म्हटलं, दोक-ग्यू मला ओळखतो, त्याला काय सांगायचं?"

छातीवरचा धोंडा उतरला. मी रडलो, हेही नोंदवून ठेवतो.

तरी चारही रेकॉर्डी, रेकॉर्डप्लेअर व माझी खुर्ची बेक नाम-सुल यास द्यावी. तो माझ्या आधी गेला तर हे सारे यॉन-सिलकडे राहावे, पण त्याने जाऊ नये.

माझ्या अंत्यविधीत दुसऱ्या रेकॉर्डची ती बाजू लावावी. नदीचे गाणे संपले म्हणून सवयीने कोणी सुई उचलू नये. खरखर शेवटपर्यंत ऐकावी. ती माझ्या मित्राने माझ्यासाठी केली आहे.

ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून नाम-सुलची सही नाही. तो शेजारी सोजू पीत बसून "अक्षर घाणेरडं आहे तुझं" म्हणतो आहे.

आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
साक्षीदार : १. थाक मू-यॉल, न्हावी. २. कुक सुन-ने, शेजारीण.
लिहिणार : मा दोक-ग्यू (सही व शिक्का)
चुनचॉन, १४ ऑक्टोबर २०१९