हलका दिवस

पाली, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८६०

प्रिय ज्ञानू,

माझ्या बहिणीशी तुझं लग्न झाल्यापासून चारचौघांत तुला दाजी म्हणतो, पण विंझरच्या तालमीत माझ्याबरोबर माती अंगाला लावलेल्या दोस्ताला पत्रात तरी ज्ञानूच म्हणू दे. इकडे भात झोडून झालं. म्हैस व्याली, रेडी झाली, आई खुशीत आहे. भोरची स्पर्धा तोंडावर आली. एकाच दांड्यासमोर आपण दोघं उभे राहणार, म्हणून की काय, तुझा काहीच निरोप नाही.

आपल्या तालमीत तो चकत्या चढवायचा लोखंडी दांडा पहिल्यांदा आला ते आठवतं? तोवर आपल्याला दगडी गोटाच ठाऊक. तू पहिल्याच दिवशी दांडा डोक्यावर नेलास, माझा छातीशीच अडला. सावळाराम वस्तादांनी तुझी पाठ थोपटली आणि म्हणाले, "पोरांनो, रोज भरला दांडा उचलू नका. आंग उचलताना न्हाई वाढत, निजल्यावर वाढतं." तू हसलास. मी ऐकलं, कारण माझ्यात तुझ्याएवढा जोर नव्हता.

अजून तसंच करतो. एक दिवस भारी वजन, मोजक्या खेपा. दुसऱ्या दिवशी निम्म्या चकत्या काढून घाम फुटेस्तोवर. मग एक दिवस अगदी हलका, दांड्याला हात नाही, तेल चोळून गुरांमागे जायचं. स्पर्धा जवळ आली की वजन चढवायचं, खेपा कमी करायच्या, आणि अगदी शेवटी नुसता रिकामा दांडा. सांगायला सोपं आहे रे. हलक्या दिवशी माझा जीव थाऱ्यावर नसतो. वाटतं, आत्ता या घटकेला मार्गासनीत ज्ञानू भरला दांडा उचलतोय आणि मी इथं म्हशी हाकतोय. कितीदा तरी उठून गोठ्यामागे दांड्यापाशी जातो, तसाच माघारी येतो. म्हणून तुझं मन मला कळतं.

विंझरच्या बाजारात भेटलास तेव्हा तुझे गाल बसलेले. म्हणालास, "मागल्या म्हैन्यात सहज जायचा, आता जात न्हाई. म्हून दुप्पट खेपा करतुया." चहाचा पेला तू दोन्ही हातांनी धरलास तरी तो बशीवर वाजत होता. मी पाहिलं का, हे तू पाहिलंस. मी पलीकडच्या बैलांची किंमत विचारायला लागलो.

काल बयाबाई आली, मार्गासनीहून एकटी चालत. आईला वाटलं, लेक चिकासाठी आली. गोठ्यामागे मला गाठून मात्र ती ढसाढसा रडली. "दादा, तू तुजं नाव काडून घे. तू न्हाईस म्हणल्यावर ते येवडं वझं उचलायचं सोडतील." तू तिला शपथ घातली होतीस, तरी तिनं सांगितलं. गवताचा भारा उचलताना तू बांधावर कोसळलास, ओठ काळे पडले, आणि डोळे उघडल्यावर तिला ओळखलं नाहीस. तिच्यावर रागावू नकोस. भ्यालीय ती. मीही भ्यालोय.

नाव काढून घ्यायचं मनात आलं होतं. पण ते तुझ्यासाठी काढलं हे तुला कळलं असतं, आणि मग तू जन्मात माझ्या दाराशी आला नसतास. शिवाय, खरं सांगतो, जिंकणाऱ्याला पुण्याच्या स्पर्धेला पाठवणार आहेत आणि मला जायचंय. म्हणून नाव ठेवलंय. उद्या मी बयाबाईबरोबर घोंगडी घेऊन तुझ्याकडे राहायला येतोय. हे पत्र कोंडिबाच्या गाडीनं पुढं धाडतो, कारण समोर बोलायला गेलो की तू थट्टेवारी नेशील आणि माझी जीभ अडेल. मी येईस्तोवर दांड्याला हात लावू नकोस. परवा भोरला डॉक्टरांना छाती दाखवू. ते हो म्हणाले तर राहिलेले दिवस एकाच मापानं मेहनत करू, मी हलकं उचलीन तेव्हा तूही हलकं. नको म्हणाले तर दांड्यापुढं मी जाईन आणि तू माझ्या पाठीशी उभा राहशील. फार जड जाईल तुला, ठाऊक आहे. पण ज्ञानू, मला तुला भोरच्या आखाड्यात हरवायचंय. गवताच्या बांधावर हरवायचं नाही.

तुझाच,
हैबती