कंगवा

देवास, रविवार, संध्याकाळ

कोजागिरी झाली, हवा छान मोकळी, म्हणून आज आम्ही दोघं धारला गेलो. बाजारात गरम कचोरी खाल्ली, मग निवांत किल्ला पाहिला. वर बुरुजापाशी ह्यांनी हात पुढे केला. "कंगवा दे."

मी हसले. "इथे कंगवा कशाला?"

"अगं, कंगवा!" चिडलेच. बोट मात्र पाण्याच्या बाटलीकडे.

थोड्या वेळात सगळं नीट. शेजारच्या माणसाला नेहमीसारखं म्हणाले, "भिया, एक फोटो खींच दो." परतताना जिलबीसुद्धा खाल्ली. माझी मी पुड्यातच ठेवली. कंगवाच का? ऊन लागलं? की डोक्यातच काही...? विचारायचा धीर झाला नाही. विचारलं की ते खरं होईल, असं वाटत राहिलं.

आत्ता चहा देताना ह्यांनीच माझा हात धरला. "किल्ल्यावर मी पाणीच मागितलं ना गं?"

म्हणजे दिवसभर हेही घाबरलेलेच होते. 'हो' म्हणावंसं फार वाटलं. पण "नाही" म्हटलं आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यात निघालोय. हे शर्ट बदलताहेत. तेवढ्यात लिहिते आहे, डॉक्टरांनी विचारलं की सगळं नेमकं सांगता यावं म्हणून.