कातडीला शिस्त

३ मार्च
बायकोने कातडीच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. डॉक्टर म्हणजे परवा मिसरूड फुटलेलं पोरगं. म्हणतो, तुमच्या कातडीला ऊन सोसत नाही. दर दोन तासांनी क्रीम, फुल बाह्या, टोपी. बावीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवतोय मी. मला काय सोसतं ते ह्याने सांगायचं?
संकल्प: नवशिक्याच्या पायाला क्लच शिकवतो, तशी कातडीला शिस्त लावायची. रोज दुपारी गच्चीवर उघड्या अंगाने दहा मिनिटं. रोज पाच वाढवायची. महिन्यात काम फत्ते.

४ मार्च, दुपार
दहा मिनिटं झाली. काहीही नाही. डॉक्टरचं पितळ उघडं पडलं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, संध्याकाळ होऊ दे.

४ मार्च, संध्याकाळ
पाठ, मान, दंड, सगळीकडे लाल चट्टे. खाज. कारण उघड आहे: साबण. तोही बायकोच आणते.

९ मार्च
शिस्त तूर्त स्थगित. कातडीच मठ्ठ निघाली.
नवी युक्ती: गाडीच्या काचा बंद. आज शिकायला निवृत्त मुख्याध्यापिका. वय बासष्ट, रिव्हर्स गिअर काही केल्या सापडत नाही. म्हणाल्या, अहो, काचेतूनही ऊन बाधतं. ज्यांना गिअर सापडत नाही त्यांनी मला ऊन शिकवू नये. (मनात म्हटलं.)
घरी येईपर्यंत खिडकीकडच्या हातावर फोड. बाईंनी विषय काढला नसता तर आले नसते.

१३ मार्च
बायकोने क्रीम आणलं. दर दोन तासांनी लावत बसायला मी काय नटी आहे? सकाळीच दिवसभराचं एकदम थापलं. ड्रायव्हिंग स्कूलचे मालक म्हणाले, पिठाच्या डब्यात पडलात का? अकरापर्यंत सगळं घामाबरोबर डोळ्यांत. क्रीम कुचकामी, हे सिद्ध.

१६ मार्च
मालक म्हणतात, गाडी सोडा, आत खोलीत थिअरीचे वर्ग घ्या. थिअरी! भिंतीवरची चित्रं दाखवायची कामं लंगड्या घोड्यांना द्यावीत. साफ सांगितलं, मी मैदानातला माणूस आहे. ते म्हणाले, बघू. घाबरले असणार.

२० मार्च
मुख्याध्यापिकाबाईंची टेस्ट. मैदानावर सावलीचा पत्ता नाही. बाकीचे शिक्षक छत्र्या उघडून उभे. बुळे लेकाचे. मी दीड तास भर उन्हात, अर्ध्या बाह्या, टोपीसुद्धा नाही. मालकांना दिसलंच असेल. चेहरा जरा तापल्यासारखा वाटतोय. उगाच लिहीत बस

२१ मार्च
डोळे सुजून बंद. मी सांगतोय, बायको लिहितेय. मागचं वाचू नकोस म्हटलं. म्हणाली, कधीच वाचलंय.
काल मैदानावरच, गाडीत बसून लिहितानाच समोरचं दिसेना. बाई पास झाल्या होत्या. त्यांनीच मला मागच्या सीटवर घातलं, डोक्यावर टॉवेल टाकला आणि दवाखान्यात नेलं. वाटेत मी एकदा क्लच म्हणालो. त्या म्हणाल्या, गप्प बसा. बसलो.
गाडी बरी चालवतात. (हे लिहू नकोस म्हटलं होतं.)

१ एप्रिल
थिअरीचा वर्ग. पडदे ओढलेले, फुल बाह्या. समोर नऊ जण. अकराला बायकोचा फोन आला, क्रीम लावलं का? भर वर्गात, फळ्याकडे तोंड करून मानेला, कानामागे, सगळीकडे लावलं. म्हटलं, आता हसतील. वळून पाहिलं.
कुणी बघतच नव्हतं.