डाव्या खांद्यावरची रायफल

जालना, ४ ऑगस्ट २०२४

ती. मार्तंडदादास, ताराचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत न्हाई अन् मला हे ओरडून सांगवत न्हाई, म्हणून कागद घेतला. माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा खराब झालाय. गेलेली नजर परत येणार न्हाई, असं डॉक्टर म्हणाले. निशाणाचा काळा ठिपका आता नुसता धूर दिसतो. कॉलेजातल्या एनसीसीपासून रायफल खांद्याला लावत आले. नेमबाजीच्या क्लबातल्या पोरींना शिकवणं चालू ठेवीन, पण माझी रायफल विकावी म्हणते. आपल्या शेतात तू बाभळीच्या खोडाला चुन्याचा टिपका लावायचास अन् माझा छर्रा बांधात घुसला की पोट धरून हसायचास. ते दिवस फार आठवून राह्यलेत.

वहिनीस नमस्कार. माया असू दे.

तुझी,
तारा

कुंभार पिंपळगाव, १३ ऑगस्ट

चि. तारास, अनेक आशीर्वाद.

पत्र ऐकून तुझी वहिनी रडली. मला मात्र राग आला. डावा डोळा बराबर हाय ना? मंग रायफल डाव्या खांद्याला लाव! लहानपणी तुला एक डोळा मिटताच यायचा न्हाई, दोन्ही मिटायचे. मी रुमाल बांधून दिल्ता. नळीच्या टोकावर नेमासाठी जो लोखंडी दाणा असतो त्या माशीकडं बघ, अर्धा श्वास सोड, घोडा हळू दाब, एवढंच मला येत व्हतं. पुढचं सारं तू शिकलीस. आईच्या भीतीनं तू ती छर्ऱ्याची बंदूक कडब्याच्या गंजीत लपवायचीस, ते आठवून एकटाच हसून राह्यलोय.

विकायचं नाव काढशील तर बोलणार न्हाई. बाकी तुझ्यावर जीव हायेच.

तुझा,
दादा

जालना, ६ जानेवारी २०२५

ती. दादास, शि. सा. न.

रायफल विकली न्हाई. खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता डाव्या खांद्याजोगा बदलून घेतला. सुरुवातीला छर्रे निशाणाच्या कार्डाबाहेरच जायचे, गाल कुठं टेकवावा तेच कळेना. एकदा चिडून रायफल पेटीत टाकली, तर माझी शिष्या यशश्री म्हणाली, मॅडम, आधी नीट उभं राहायला शिका, असं तुम्हीच सांगता की. मंग कितीतरी दिवस छर्रा न भरता नुसती नेम धरून उभी राहिले.

काल जिल्ह्याची स्पर्धा झाली. माझ्याच पोरींच्या रांगेत उभी होते. यशश्री पहिली आली, मी सातवी. घरी येऊन भाकर मोडताना एकदम ध्यानात आलं, दादा. पूर्ण स्पर्धेत मला उजव्या डोळ्याची आठवणच झाली न्हाई.

संक्रांतीला येते. तोवर माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
तारा